लेकीसाठी निवडलेली मळी

ठोकळा फुटला तेव्हा धड आवाजसुद्धा झाला नाही. सिमेंटचा चांगला ठोकळा दाबाखाली फुटतो तेव्हा लॅबमधली माणसं दचकतात, कुणीतरी "गेला!" म्हणून ओरडतं, आणि ज्याचा ठोकळा असतो तो खुशीत आकडा लिहून घेतो. हा नुसता बसला. यंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये त्याने मान टाकली, आणि काटा जिथे जायला हवा होता त्याच्या अर्ध्या वाटेवरूनच परत फिरला.

तिने दुसरा लावला. तोही तसाच. तिसरा लावायची खरं म्हणजे गरज नव्हती, पण पीएचडी करणारं माणूस आशेला जरा जास्तच चिकटून असतं. तिसरा उचलतानाच त्याचा कोपरा तिच्या हातात आला. तो तिने ॲप्रनच्या खिशात टाकला, यंत्र बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिली.

लॅबमध्ये तिला सगळे सिमेंटबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच. आपल्या संशोधनाचा विषय ती समोर येईल त्याला सांगायची. दाढेत सिमेंट भरणाऱ्या डॉक्टरलासुद्धा तिने तोंडात कापसाचे बोळे असताना तो समजावून दिला होता. सिमेंट करायचं तर चुनखडी भाजावी लागते. भट्टीच्या कोळशाचा धूर निघतो तो निघतोच, वर त्या दगडाच्या पोटातला कार्बनही हवेत जातो. मग सगळं सिमेंट भाजूनच कशाला करायचं? लोखंडाच्या भट्टीत धातू वितळताना वर जी मळी तरंगते, कारखान्यात जिला स्लॅग म्हणतात, ती दळून अर्ध्या सिमेंटच्या जागी घाला. लोखंडासाठी भट्टी पेटलेली असतेच, मळीसाठी वेगळा धूर काढावा लागत नाही.

इथवर सगळं जुनंच. मेख पुढे होती. वितळलेल्या स्लॅगवर पाण्याचा मारा करून तो झटक्यात थंड केला, तर काचेसारखा होतो आणि सिमेंटचं काम करतो. तोच ढिगावर ओतून सावकाश निवू दिला, तर त्याचा दगड होतो. रस्त्याखाली भर घालायला ठीक, पण सिमेंट म्हणून त्याचा उपयोग शून्य. एवढं या विषयातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि तिचं म्हणणं नेमकं याच्या उलट होतं. ती जिथे वाढली तिथल्या जुन्या कारखान्यात पाण्याच्या माऱ्याची सोय कधी झालीच नव्हती. वितळलेला स्लॅग मोठमोठ्या हंड्यांतून रुळांवरून न्यायचा आणि कडेला ओतायचा, हे तिच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. त्या ढिगाला तिथे सगळे डोंगर म्हणत. तिच्या घराच्या खिडकीतून सूर्य त्याच्याआडच मावळायचा. तर या डोंगरावरचा स्लॅग, पाण्याच्या माऱ्याविना निवलेला असूनही, सिमेंटचं काम करतो, असं तिच्या प्रयोगांत दिसलं होतं. एकदा नाही, दर वेळी दिसलं होतं. तिच्या गाईडसरांनी पहिले आकडे पाहिले तेव्हा चष्मा काढून पुसला आणि परत घालून पुन्हा पाहिले. सगळी नोकरी दुसऱ्यांचे प्रयोग तपासण्यात गेलेल्या त्या माणसाच्या हाताला असं काही प्रथमच लागत होतं.

डोंगरावरचा स्लॅग काचेसारखा कसा झाला, याचं उत्तरही तिने शोधून काढलं होतं. डोंगराचा उतार, त्यावर पसरणारा पातळ थर आणि त्याला झोंबून झटक्यात गार करणारा वारा. प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण या वाऱ्यावर होतं. त्यात आलेख होते, गणितं होती, ऋतूंप्रमाणे वाऱ्याच्या वेगाचे तक्ते होते. त्यावरचा पेपर छापून आला, कुठकुठल्या अनोळखी लोकांच्या ईमेल आल्या, आणि ठोकळे बनवणाऱ्या एका कंपनीने सरांना फोन केला. एवढा डोंगर नुसता पडून आहे म्हणता? मग आम्ही सरळ ट्रकच पाठवतो.

तो ट्रक आला, त्यातल्या मालाचे ठोकळे पाडले, आणि आता ते यंत्राखाली एकामागून एक माना टाकत होते.

कुठे माशी शिंकली हे शोधायला तिला वेळ लागला नाही. ट्रकमधला चिमूटभर भुगा तिने एक्स-रे यंत्रात घातला. काच असेल तर पडद्यावर एक गुळगुळीत उंचवटा येतो, दगड असेल तर सुया उभ्या राहतात. सुयाच सुया उभ्या राहिल्या. मग जुन्या डब्यातला भुगा घातला, इतकी वर्षं ती वापरत आली होती तो. गुळगुळीत उंचवटा. दोन्ही माल म्हणे एकाच डोंगराचे. फरक एवढाच, की जुना माल बाबांच्या हातून आला होता, आणि बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले होते.

बाबा स्लॅगच्या हंड्यांवर होते. भट्टीखाली हंडा भरून घ्यायचा, इंजिनाला जोडायचा, डोंगराच्या कडेला नेऊन कलता करायचा. नोकरीभर त्यांनी हेच केलं. त्या डोंगराचा निदान एक खांदा तरी त्यांच्या हातचा होता.

नमुने खरं तर तिने स्वतः जाऊन घ्यायला हवे होते. वरचा, मधला, खालचा, असा जागोजागचा माल घेऊन तो मिसळायचा असतो. पहिल्या वर्षी पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. पण लॅबमधला दगड फोडायचा क्रशर कायमचा आजारी, आणि बाबा म्हणाले, मी फोडून चाळून पाठवतो, तू कशाला एवढ्या धुळीत येतेस? तिला ते फार सोयीचं वाटलं. का वाटलं, हे तिने स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितलं नव्हतं. यार्डातले बाबांचे कपडे, तोंडाला बांधलेला काळा फडका, "काय रे, तुझी साहेबीण आली वाटतं!" म्हणून ओरडणारे त्यांचे सोबती, यांतलं काहीच तिला नको होतं. जिथून ती शिकून बाहेर पडली होती, तिथे रिकामी पिशवी घेऊन परत उभं राहायचं तिच्या जिवावर यायचं. लाज म्हणा हवं तर. लाजच होती. सरांनाही तिने "कारखान्यात ओळखीचे एक जण आहेत" एवढंच सांगितलं होतं. वर्षानुवर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि प्रबंधात ठोकून दिलं, की संशोधिकेने ढिगाच्या विविध भागांतून नमुने स्वतः गोळा केले. असं सगळेच लिहितात, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

शनिवारी ती घरी गेली.

"आल्या डॉक्टरीणबाई!" बाबांनी दारातच आरोळी दिली. पीएचडीला प्रवेश मिळाला त्या दिवसापासून ते तिला हेच म्हणत. अजून झाले नाही हो, असं ती म्हणायची, आणि ते म्हणायचे, झालीसच समज, आता फक्त त्या लोकांना कळायचं बाकी आहे. रिटायर झाल्यापासून त्यांना घरातली एकही वस्तू जागेवर बघवत नव्हती. आज पंखा खाली उतरवून त्याची पाती वर्तमानपत्रावर मांडली होती, आणि आई ती ओलांडून ये-जा करत होती.

"बाबा, तुम्ही मला माल पाठवायचात ना," ती त्यांच्याजवळ खाली बसत म्हणाली, "तो डोंगराच्या कुठल्या भागातला असायचा?"

बाबा पातं पुसायचे थांबले. "डोंगरावरचा? तुला? वेडी का खुळी तू?"

"मग कुठला?"

"आता गं! तूच नाही का सांगितलंस? इथेच, या इथे बसून. हातातला घास हातात ठेवून बोलत होतीस. झटक्यात गार झाला तर सोनं, सावकाश गार झाला तर माती. माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते. म्हटलं, पोर एवढी शिकतेय, आणि आपण तिला माती पाठवायची?"

बाबांना चेव चढला होता. किती दिवसांनी त्यांच्या कामाबद्दल कुणी विचारत होतं.

"नमुना काढायची पळी असते बघ आमची, लांब दांड्याची. तिनं हंड्यातला वरचा माल उचलायचा आणि पाण्याच्या पिंपात सोडायचा. थोडा थोडा हं. एकदम ओतला तर पिंपासकट आपणही वर! मग काय नाचतो तो पाण्यात, तडतड तडतड. तो वाळवायचा, कुटायचा, चाळायचा. सगळं जेवणाच्या सुट्टीत. सुपरवायझर डोकावला की आम्ही आपले हात धुतोय." ते मनापासून हसले. "तुझी आई धान्य निवडते की नाही? तसंच. लेकीला द्यायचं ते निवडून द्यायचं."

म्हणजे वारा नव्हताच. ते तक्ते, ते आलेख, उताराच्या कोनाची ती गणितं, ज्यांच्यापायी तिचे डोळे गेले होते, ते सगळं बाबांच्या पिंपातलं पाणी होतं. तिला हसू आलं, पण ते रडण्याच्या इतकं जवळचं होतं की तिने घाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ग्लास खाली ठेवताना तिचं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. हाताच्या पाठीवर मनगटापर्यंत गुलाबी, आकसलेला पट्टा होता. तो तिने पूर्वीही पाहिला होता. गरम पाणी सांडलं, असं बाबा तेव्हा फोनवर म्हणाले होते. तिने लगेच कुरियरने मलम पाठवलं होतं, आणि त्याच पुड्यात चिठ्ठी टाकली होती, की जमलं तर आणखी दोन पिशव्या माल लवकर हवा आहे.

"हे पाणीच सांडलं होतं ना, बाबा?"

"पाणीच. जरा जास्त गरम होतं, एवढंच."

"पाणी म्हणे!" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ती आतून सगळं ऐकत होती. "पिंप उडालं होतं. डोळा वाचला म्हणून बरं. मला शपथ घातली होती, तिला सांगायचं नाही, अभ्यासातून लक्ष उडेल म्हणून."

"झालं! सांगितलंसच."

"मग काय जन्मभर पोटात ठेवू? आणि हिनं तरी कधी विचारलं का, की बाबा, तुम्ही हे आणता कुठून, करता कसं?" आईचा आवाज चढला नव्हता, उलट जरा खालीच आला होता. "पिशवी पोचली, एवढाच फोन यायचा."

बाबांनी पातं खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, पण आता राहायचं की जायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"काही चुकलं का गं?" त्यांनी विचारलं.

तिला ओरडावंसं वाटलं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? डोंगरावरचा उचलून पाठवायचा होता ना नुसता, निवडायचा कशाला? आणि त्याच वेळी तिला त्यांचा तो हात हातात घ्यावासा वाटला. दोन्हींतलं तिने काहीच केलं नाही.

"नाही हो बाबा," ती म्हणाली. "उलट फार चांगला माल होता."

"मग!" बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पातं उचललं.

सोमवारी तिने सरांना सगळं सांगितलं. म्हणजे, एक गोष्ट सोडून सगळं. पिंप सांगितलं, पळी सांगितली, आपण स्वतः कधी डोंगरावर गेलो नाही हेही खाली मान घालून सांगितलं. माल पाठवणारा माणूस कोण, हे सरांनी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

सर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर तिला निदान रागावता तरी आलं असतं. ते खुर्चीत मागे रेलून बराच वेळ छताकडे बघत राहिले, आणि त्यांच्या टेबलावरच्या चहावर साय धरली.

"माझ्याही तोंडात मारली त्या माणसानं," ते शेवटी म्हणाले. "सगळ्या परिषदांमध्ये वाऱ्यावर भाषणं ठोकत फिरलो मी." मग ते पुढे झुकले. "हे बघ, प्रबंध मरत नाही एवढ्यानं. वळवायचा. तुझ्याकडे आता दोन्ही माल आहेत, पाण्यात निवलेला आणि डोंगरावर निवलेला. दोन्हींची तुलना कर. डोंगर सिमेंटच्या कामाचा नाही, हाच निष्कर्ष. तोही निष्कर्षच असतो, आणि खराही आहे."

"आणि छापलेला पेपर, सर?"

"दुरुस्ती पाठवायची. घे लिहून."

त्यांनी सांगितलं आणि तिने लिहून घेतलं. इंग्रजीत ते वाक्य फार सभ्य दिसत होतं. आपल्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच होता, की नमुने गोळा करणाऱ्या एका अप्रशिक्षित कामगाराने दिलेल्या सूचना धाब्यावर बसवून मालावर परस्पर भलतीच प्रक्रिया केली, त्यामुळे ही चूक झाली.

"पण सूचना मी दिल्याच नव्हत्या, सर."

"अगं, द्यायला हव्या होत्या ना? मग दिल्या होत्या. आणि ते 'स्वतः गोळा केले' आहे ना, तिथे 'देखरेखीखाली' कर." सरांनी सायीसकट चहाचा घोट घेतला. "त्या माणसाला कुठे वाचायचंय हे? त्याचं काही जात नाही. तुझं सगळं जातंय."

सर, तो माणूस माझा बाप आहे. एवढंच वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या मागोमाग पुढची वाक्यं रांगेत उभी होती: म्हणजे तू बापाकडून माल मागवलास, वर ते माझ्यापासून लपवलंस, आणि प्रबंधात धडधडीत खोटं लिहिलंस. त्यानंतर सर तिला वाचवायला बसले नसते, आणि इतक्या वर्षांचे सगळे कष्ट पाण्यात गेले असते. तिने मूग गिळले. घरी जाऊन तिसरं प्रकरण तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुसून टाकलं आणि त्या जागी ते सभ्य वाक्य घातलं.

व्हायव्हाचा दिवस ठरला तेव्हा आई-बाबांना बोलवायचं तिच्या मनात नव्हतं. "सगळं इंग्रजीत असतं, बाबा. तुम्ही कंटाळून जाल," ती फोनवर म्हणाली.

"कंटाळलो तर झोपेन. नोकरीत दुसरं काय केलं?" बाबा म्हणाले. "पण येणार. तुझ्या आईनं माझा शर्ट इस्त्रीला देऊनही टाकलाय."

इंग्रजीत असतं, याचाच तिला आधार होता.

हॉल लहानच होता. पुढे परीक्षक, सर आणि विभागातली मंडळी, मध्ये फुकटच्या चहासाठी आलेले विद्यार्थी, आणि सगळ्यांत मागच्या रांगेत भिंतीला टेकून आई-बाबा. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून बाबा इतके ताठ बसले होते, की फोटोवाल्यासमोर बसलेत असं वाटावं. ती बोलायला लागली तशी तिच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला ते मान डोलावत राहिले. पडद्यावर ढिगाचा फोटो आला, तेव्हा त्यांनी आईला कोपराने ढोसलं. "आपला डोंगर!" असं ते चांगलं मोठ्याने म्हणाले, आणि पुढच्या रांगांमधल्या माना मागे वळल्या. बाबांनी त्या सगळ्यांकडे बघून हसून घेतलं. ती पुढच्या चित्राकडे गेली.

बाहेरून आलेल्या परीक्षक पांढऱ्या केसांच्या, प्रसन्न चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी बारकाईने प्रश्न विचारले, आणि तिनेही न अडखळता उत्तरं दिली. सगळं सुरळीत पार पडत होतं. सरांनी घड्याळाकडे पाहून कागद आवरायला घेतले होते, आणि तेवढ्यात बाईंची नजर मागच्या रांगेकडे गेली.

"घरची मंडळी आलेली दिसतात," त्या म्हणाल्या. "मग शेवटचा प्रश्न आपल्या भाषेतच विचारते, त्यांनाही कळू दे. तुमच्या छापलेल्या पेपरात ढिगावरचा स्लॅग चालतो, असं तुम्ही ठासून म्हणालात. आता म्हणता, चालत नाही. मधे झालं तरी काय?"

तिने मागे पाहिलं. बाबा पुढे सरकून बसले होते. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. इतक्या वेळानंतर एक तरी गोष्ट आपल्याला कळणार, म्हणून त्यांचे डोळे कसे लकाकत होते.

खरं बोलायला ही शेवटची जागा होती, आणि हे तिला कळत होतं. मी नमुने घ्यायला गेले नाही, मला लाज वाटत होती, बाई. तिने सरांकडे पाहिलं. सर अस्वस्थपणे पेनाचं टोपण उघडझाप करत होते.

"कारखान्यातल्या एका कामगाराकडे नमुने घ्यायचं काम दिलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्याच कानांना परका वाटला. "त्याला विषयाची काही माहिती नव्हती. सांगितलेलं सोडून त्यानं परस्पर स्लॅग पाण्यात घातला आणि तोच ढिगावरचा म्हणून पाठवला. आमच्या ते फार उशिरा लक्षात आलं."

"अरे देवा!" बाई म्हणाल्या. "म्हणजे त्या पठ्ठ्यानं तुमची वाटच लावली होती की!"

हॉल खो खो हसला. चहासाठी आलेले विद्यार्थीसुद्धा हसले. सगळ्यांत मोठ्याने सर हसले, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. आणि तीही हसली. ओठ नुसते हलले असतील असं तिने नंतर स्वतःला पटवून पाहिलं, पण तसं नव्हतं, ती चांगली दात दाखवून हसली. मागच्या रांगेत आई हसली नाही. बाबा हसले, पण इतरांचं हसून होत आल्यावर. आणि खुर्चीच्या पाठीवरचा डावा हात त्यांनी हळूच खाली घेतला.

निकाल सांगितला गेला, टाळ्या झाल्या. बाहेर व्हरांड्यात चहा मांडला होता. तिला येऊन भेटणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि त्या गर्दीतून तिने पाहिलं, की परीक्षक बाई आणि सर बोलत बोलत आई-बाबांकडेच निघाले आहेत. ती लोकांना चुकवत तिकडे धावली.

"अभिनंदन हं! मुलगी फार हुशार आहे तुमची," बाई म्हणत होत्या. "तुम्ही स्वतः कशात होता?"

ती थिजली. बाबांच्या तोंडून आता कारखाना निघणार, हंडे निघणार, शेजारी उभ्या असलेल्या सरांना दोन अधिक दोन करायला निमिषसुद्धा लागणार नाही. त्या घटकेला तिला आपल्या बापाची भीती वाटली.

बाबांच्या उजव्या हातात चहाचा कप होता. डावा हात पँटच्या खिशात होता.

"मी? मी पोस्टात होतो," बाबा म्हणाले. "कारकून. आता रिटायर झालो."

"वा! म्हणजे कागदपत्रांची शिस्त घरातूनच आलीय म्हणायची."

"तसंच म्हणा."

"नाहीतर बघा ना," सर खुशीत म्हणाले, "कामगार मंडळींवर विसंबलं की काय होतं ते आत ऐकलंतच तुम्ही."

"ऐकलं ना," बाबा म्हणाले. "असतात अशी माणसं. कळत नाही त्यांना."

आई व्हरांड्याच्या फरशीकडे बघत होती. सरांनी बिस्किटांची बशी उचलून बाबांपुढे धरली. घ्या ना काका, घ्या. एका हातात कप, आणि दुसरा हात काही बाहेर येईना. नको नको, बाबा म्हणत राहिले, सर आग्रह करत राहिले. शेवटी आईने पुढे होऊन सरांच्या हातातली बशी काढून घेतली आणि टेबलावर ठेवून दिली. सर आणि बाई दुसरीकडे वळले.

"बाबा..." ती म्हणाली.

"बरोबर सांगितलं ना?" बाबांनी खालच्या आवाजात विचारलं. "पोस्ट बरं असतं. कुणी पुढचं विचारत नाही."

"बाबा, मी आत जे बोलले..."

"त्याचं नाव नाही ना लिहिलेलं कुठे? त्या कामगाराचं?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी कप खाली ठेवला आणि आईकडे वळून म्हणाले, "चल गं. हिला आता कामं असतील."

डॉक्टरीणबाई म्हणाले नाहीत. ती वाट बघत होती, पण ते म्हणाले नाहीत. दोघं जिन्याकडे गेली. जिन्याचा कठडा डाव्या बाजूला होता, आणि पायऱ्या जुन्या, झिजलेल्या. बाबांनी कठडा धरला नाही. हात खिशातच ठेवून एकेक पायरी चाचपत ते उतरत राहिले, आणि आई त्यांच्या पलीकडून हात पुढे करून, पण त्यांना न लावता, त्यांच्याबरोबर उतरत होती.

"डॉक्टर!" मागून सरांची हाक आली. आज तिला तसं म्हणणारे ते पहिलेच. "अहो डॉक्टर, या इकडे, सगळे फोटोसाठी खोळंबलेत!"

ती वळली, आणि जाऊन मधोमध उभी राहिली.